समस्थानिक परमाणु आणि शेतांतील कोळसा

नांगरतांना फाळास खापराचा तुकडा लागावा, त्याच्या खालून राख व कोळसा वर यावा, आणि आपण तो ढेकळाबरोबर बांधावर टाकून द्यावा, असें आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातून घडलें असेल. त्या कोळशाबरोबर आपण काय टाकून दिलें, हें कळण्यास समस्थानिक हा विषय समजून घेतला पाहिजे. नांव अवघड असलें तरी विषय अवघड नाहीं, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों.

परमाणूच्या गाभ्यांत प्रोटॉन व न्यूट्रॉन असे दोन जातींचे कण असतात आणि भोंवतीं इलेक्ट्रॉन फिरत असतात. मूलद्रव्य कोणतें, हें प्रोटॉनांच्या संख्येवर ठरतें. सहा प्रोटॉन म्हणजे कार्बन, सात म्हणजे नत्र. न्यूट्रॉनांची संख्या मात्र एकाच मूलद्रव्याच्या परमाणूंत कमीअधिक असूं शकते. अशा परमाणूंस, मूलद्रव्यांच्या कोष्टकांत त्यांचें स्थान एकच असल्यामुळें, समस्थानिक म्हणतात. फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञानें 1913 सालीं हें नांव रूढ केलें. एकाच दावणीचे दोन बैल कामास सारखेच, पण एक अंगानें थोडा जड असावा, तसा हा प्रकार आहे.

साधा परमाणु निराळा आणि समस्थानिक निराळा, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती बरोबर नाहीं. ज्यास आपण साधा म्हणतों तोहि एक समस्थानिकच होय. तो विपुल आहे इतकेंच. शंभर कार्बन-परमाणूंत सुमारें नव्याण्णव कार्बन-12 असतात, एखादा कार्बन-13 असतो. तसेंच, प्रत्येक समस्थानिक किरणोत्सर्गी असतो असेंहि नाहीं. नत्र-15 हा नत्र-14 हून जड, पण पूर्ण स्थिर आहे. तो मिसळलेला युरिया देऊन पिकानें घेतलेलें नत्र पोत्यांतून किती व जमिनींतून किती आलें, याचा हिशेब शास्त्रज्ञ काढतात.

कार्बन-14 मात्र अस्थिर आहे. आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांमुळें उंच वातावरणांत नत्रापासून तो सतत तयार होतो. त्याचें प्रमाण अत्यल्प, म्हणजे सुमारें एक लाख कोटी परमाणूंत एक. झाड हवेंतून कार्बन घेतें तेव्हां हाहि त्याबरोबर आंत जातो. झाड तोडलें कीं नवी आवक थांबते आणि सांठलेला कार्बन-14 हळूहळू पुन्हां नत्र होत जातो. 5730 वर्षांनीं तो निम्मा उरतो, आणखी तितक्याच वर्षांनीं पाव उरतो. उरलेला मोजला कीं झाड केव्हां मेलें तें निघतें. विलर्ड लिबी यांनीं ही रीत शोधून काढली व त्यांस 1960 चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपल्या हिंगणा तालुक्याकडे वळूं. टाकळघाट येथें जुन्या वस्तीचें, आणि जवळच खापा येथें दगडांच्या वर्तुळांचें उत्खनन नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनीं 1968-69 मध्यें केलें. लोखंडाचीं हत्यारें व काळीं-तांबडीं मातीचीं भांडीं सांपडलीं. टाकळघाटच्या कोळशाची परीक्षा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत झाली. त्यांत मूळच्या कार्बन-14 पैकीं रुपयांत सुमारें बारा आणे शिल्लक होता. म्हणजे वस्ती अडीच हजार वर्षांपूर्वींची, इसवी सनापूर्वीं सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारची. शंभरेक वर्षें पुढेंमागें धरावीं लागतात, हेंहि सांगितलें पाहिजे. लोखंडाच्या तुकड्यावर साल लिहिलेलें नसतें. तें चुलींतल्या कोळशानें सांगितलें.

हा साक्षीदार मोठा नाजूक आहे. कोळशांत ताजें मूळ किंवा शेण मिसळलें तर तो खऱ्याहून तरुण ठरतो. ट्रॅक्टरचें डिझेल सांडलें तर उलट म्हातारा ठरतो. कारण डिझेल लक्षावधि वर्षांपूर्वींच्या जीवांपासून झालेलें, त्यांत कार्बन-14 मुळींच उरलेला नसतो. कोळसा मूळ थरांतून हलला, तर तो कोणत्या भांड्यांच्या काळचा हें सांगतांच येत नाहीं.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, शेतांत दगडांचें वर्तुळ असल्यास त्याचे दगड बांधासाठीं किंवा विहिरीसाठीं उचलूं नयेत. खापरें व कोळसा एकत्र दिसल्यास तेथें नांगर थांबवावा, हात न लावतां जागा झांकून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. चार हात जमीन कांहीं दिवस पडीक राहिल्यानें आपलें फारसें नुकसान होणार नाहीं. परंतु याच मातींत आपल्यापूर्वीं कोण नांदलें, याचा दाखला एकदां उधळला गेला, तर तो पुन्हां कोणत्याहि बाजारांत विकत मिळणार नाहीं.