हेडफोनवर चालतं, स्पीकरवर नको!

वय अवघं २७. गाणी अशी की लोक चोरून ऐकायचे आणि चारचौघांत नाकं मुरडायचे. पंजाबी गायक अमरसिंग चमकीलाची गोष्ट सांगणारा इम्तियाज अलीचा सिनेमा त्याच्यापेक्षा त्याच्या श्रोत्यांबद्दलच जास्त बोलतो.

प्रत्येकाच्या फोनमध्ये काही गाणी अशी असतातच, जी हेडफोन लावल्याशिवाय सुरू होत नाहीत. होस्टेलच्या रूमवर फुल व्हॉल्यूम, घरी आई चहा घेऊन आत आली की एकदम पॉज! पण तीच गाणी हळदीच्या रात्री डीजेवर लागली की मामा-काका तोंडात रुमाल धरून नागीन डान्स करतात. तेव्हा मात्र शब्दांकडे कुणाचंच लक्ष नसतं म्हणे. दुसऱ्या दिवशी हेच मामा ‘आजकालची गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा’ यावर अर्धा तास बोलू शकतात.

हा दुटप्पीपणा आपल्याकडे हसण्यावारी जातो. चमकीलाच्या बाबतीत तो गेला नाही.

‘अमरसिंग चमकीला’ नेटफ्लिक्सवर आला १२ एप्रिल २०२४ ला. दिलजित दोसांझ, परिणिती चोप्रा, ए. आर. रहमानचं संगीत, इर्शाद कामिलचे शब्द. नावं बघून अनेकांनी तो ‘रॉकस्टार’चा धाकटा भाऊ असेल म्हणून लावला असणार. पण सिनेमा सुरूच होतो शेवटापासून. गाडी येऊन थांबते, गायक-गायिका उतरतात आणि गोळ्या सुटतात. पहिल्या काही मिनिटांतच हिरो आणि हिरॉइन मेलेले. पुढचे सव्वादोन तास आपण फक्त एवढंच शोधत बसतो की या माणसानं असं केलं तरी काय होतं.

तर हा माणूस मूळचा धनीराम. जन्म २१ जुलै १९६०, लुधियानाजवळच्या दुगरी गावातल्या गरीब दलित कुटुंबात. व्हायचं होतं इलेक्ट्रिशियन, पण पोटासाठी कापडाच्या गिरणीत कामाला लागला. डोक्यात मात्र सतत गाणं. तुंबी वाजवायचा. (तुंबी हे एकाच तारेचं वाद्य, आपल्या तुणतुण्याचा पंजाबी चुलतभाऊ म्हणा हवं तर.) सुरिंदर शिंदा या त्या काळच्या नावाजलेल्या गायकाच्या मागे लागून त्याच्या कंपूत शिरला, त्याला गाणी लिहून दिली आणि मग एक दिवस स्वतःच माईकसमोर उभा राहिला. आधी सुरिंदर सोनिया आणि नंतर अमरजोत या गायिकांबरोबर त्याची जोडी जमली. अमरजोतशी तर लग्नही झालं.

पंजाबात ‘अखाडा’ म्हणजे गाण्याचा खुला कार्यक्रम. लग्नाच्या मांडवात, गावच्या मैदानात एक टेबल-माईक मांडला की झाला स्टेज. खाली पुरुष, गच्च्यांवर बायका-पोरं. चमकीला आणि अमरजोत यांची गाणी म्हणजे सवाल-जवाबच. त्यानं एक तिरकस ओळ टाकायची, तिनं वरच्या पट्टीत तिखट उत्तर द्यायचं. विषय? दीर-भावजय, जिजा-साली, दारू, लफडी, भांडणं. म्हणजे गावात ज्यावर रोज कुजबुज चालते, पण पारावर कुणी बोलत नाही ते सगळं. वर्षाच्या ३६५ दिवसांत त्यानं ३६६ कार्यक्रम केले, असं पंजाबात आजही सांगतात. हिशेब कुणी ठेवला होता देव जाणे! पण मेल्यावर माणसाबद्दल असले आकडे रचले जातात, तेव्हा तो किती वाजत होता ते कळतं.

हे सगळं घडू शकलं, त्यामागे एक यंत्र होतं. कॅसेट. आपल्यापैकी अनेकांनी ती फक्त आजोबांच्या कपाटात पाहिली असेल. त्याआधी रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठ्या कंपनीची मर्जी सांभाळायची. कोणाचा आवाज विकायचा, कोणते शब्द ‘चालतील’, हे शहरातल्या ऑफिसात ठरायचं. ८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि ही मक्तेदारी मोडली. ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला, धाबेवाला ज्याला पैसे मोजेल तो स्टार. आपल्याकडेही याच दशकात आनंद शिंदे यांचा ‘नवीन पोपट हा’ गल्लोगल्ली वाजत होता. वडील प्रल्हाद शिंदे भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी गाणारे दिग्गज. मुलाच्या पोपटानं मात्र पांढरपेशांच्या कपाळावर आठ्या आणल्या आणि वरातीही गाजवल्या. रीलवर आज जे चालतं त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही.

फरक एवढाच की पंजाबात तेव्हा नुसत्या आठ्या पडत नव्हत्या. जून १९८४ मध्ये ऑपरेशन ब्लू स्टार झालं. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतर दिल्लीत शिखांचं हत्याकांड. पंजाबातल्या गावांवर एका बाजूनं अतिरेक्यांची दहशत, दुसऱ्या बाजूनं पोलिसांची. अशा वेळी चावट गाणी बंद पडायला हवी होती ना? सिनेमा सांगतो की झालं उलटंच. लोकांना हसायला काहीतरी हवं होतं आणि मागणी वाढतच गेली. मागणीबरोबर धमक्याही वाढल्या. चमकीला माफी मागतो, यापुढे असली गाणी गाणार नाही म्हणतो, भक्तिगीतांची कॅसेट काढतो. गंमत म्हणजे तीही तुफान खपते. पण अखाड्यात उभा राहिला की समोरची पब्लिक ओरडते, ते नको, जुनं म्हण! आणि नाही म्हटलं तर पब्लिकच अंगावर येणार. गायलं तर एक मारणार, नाही गायलं तर दुसरे. सिनेमातला हा भाग बघताना खरंच घशाला कोरड पडते.

८ मार्च १९८८ च्या दुपारी जालंधर जिल्ह्यातल्या मेहसमपूर गावात कार्यक्रमासाठी गाडीतून उतरत असताना चमकीला, अमरजोत आणि त्यांच्या दोन साथीदारांना गोळ्या घालण्यात आल्या. कुणी मारलं? अतिरेक्यांनी, धंद्यातल्या स्पर्धकांनी, की आंतरजातीय लग्नामुळे चिडलेल्यांनी? तर्क भरपूर आहेत, सिद्ध काहीच झालेलं नाही. जेमतेम १५ दिवसांनी, २३ मार्चला, कवी पाश यांचीही खलिस्तानी अतिरेक्यांनी हत्या केली. एक क्रांतीच्या कविता लिहिणारा, दुसरा मेहुणीवर गाणी करणारा. दोघांना एका ओळीत बसवणं काहींना आवडणार नाही. पण बंदूकवाल्यांच्या पंजाबात पंधरवड्याच्या आत दोन्ही आवाज गेले, हे खरं.

सिनेमा म्हणून बघायचं तर त्याची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे गाणी. चमकीलाची मूळ गाणी दिलजित आणि परिणितीनं शूटिंगच्या वेळी प्रत्यक्ष गायली आहेत, नंतर स्टुडिओत जाऊन डब केलेली नाहीत. त्यामुळे श्वास लागलेला, घाम आलेला, समोरची गर्दी बघून किंचित चढलेला आवाज ऐकू येतो. दिलजितला तर वेगळं सर्टिफिकेट द्यायची गरजच नाही. हा माणूस आज जगभर स्टेडियमं भरवतो, पण इथे तो मान खाली घालून, हात जोडून उभा राहतो तेव्हा स्टार कुठे दिसतच नाही. आणि इम्तियाजनं एक खोडी केली आहे. पंजाबी ओळींचा अर्थ तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो. ‘आम्हाला कुठे पंजाबी कळतं, आम्ही फक्त बीटवर नाचतो’ ही पळवाट बंद!

‘नरम कालजा’ हे गाणं लागेल तेव्हा फोन बाजूला ठेवा. त्यात गावच्या बायका थेट कॅमेऱ्याकडे बघून आपल्या इच्छांबद्दल गातात. सांगणं असं की हे चावट बोलणं चमकीलानं आणलेलं नाही, ते लग्नघरातल्या बायकांच्या गाण्यांत आधीपासून होतंच. आपल्याला हे पटायला फार लांब जायला नको. आजीला जरा विश्वासात घेऊन मंगळागौरीच्या रात्री आणखी काय काय गायचे ते विचारा. किंवा कोकणातल्या मित्राला शिमग्यातल्या बोंबांबद्दल विचारा. सगळं ऐकून झाल्यावर दादा कोंडके एकदम सभ्य वाटायला लागतील.

पण इथेच माझी या सिनेमाशी थोडी वाजते. बायका गातात हे ठीक. त्या स्वतःबद्दल गातात. चमकीलाची बरीचशी गाणी मात्र बायकांबद्दल आहेत, आणि लिहिणारा पुरुष आहे. सिनेमात एक पत्रकार मुलगी त्याला नेमकं हेच विचारते. तो तिच्याकडे धड बघतही नाही, कारण तिनं पँट घातली आहे! बिचारा गांगरतो, आपण साधा माणूस आहोत आणि लोकांना आवडतं ते गातो, असं काहीतरी म्हणतो. सीन गोड आहे. प्रश्न मात्र तिथेच राहतो. ‘लोकांना आवडतं’ हे उत्तर आजही प्रत्येक रॅपर आणि प्रत्येक रीलवाला देतो, आणि त्यानं काहीच सुटत नाही.

आणि अमरजोतचं काय? अर्धं गाणं तिचं होतं. झणझणीत उत्तरं तिच्या आवाजातली होती. स्टेजवर उभं राहून शेकडो पुरुषांसमोर ते म्हणायला काय लागत असेल? धमक्यांच्या पत्रांबद्दल तिचं म्हणणं काय होतं? गाणी थांबवावीत असं तिला कधी वाटलं का? सिनेमा तिला एक सोसणारी, हसरी, नवऱ्याच्या सावलीतली बाई करून टाकतो. गोळ्या तर तिलाही लागल्या होत्या. त्याच्या पहिल्या संसाराचीही बोळवण अशीच घाईघाईत होते.

जातीचंही तेच. अपमान दिसतो, चमकीलाचा फणकाराही दिसतो, पण सिनेमा तिथे रेंगाळत नाही. त्या काळी असली जोडगाणी गाणारा तो एकटा नव्हता. मग ‘अश्लील’ हा शिक्का इतक्या जोरात याच्याच कपाळावर का बसला? हा प्रश्न आपणच सिनेमा संपल्यावर विचारायचा.

तरीही हा सिनेमा झाला याचं अप्रूप आहे. आपले मराठी गायकांवरचे सिनेमे आठवून बघा. ‘बालगंधर्व’, ‘मी वसंतराव’, ‘महाराष्ट्र शाहीर’. तिन्ही मनापासून केलेले, पण नमस्काराच्या मुद्रेत. त्यातले शेवटचे दोन तर नातवांनीच साकारलेत. राहुल देशपांडे आजोबांच्या भूमिकेत होता आणि केदार शिंदेनं आजोबा शाहीर साबळेंवर सिनेमा काढला. घरातला फोटो पुसून भिंतीवर लावणं वेगळं आणि ज्याचा फोटो लावायचीच गावाला लाज वाटते त्याच्यावर अडीच तास खर्च करणं वेगळं.

चमकीलानंतर ३४ वर्षांनी, २९ मे २०२२ ला, पंजाबात आणखी एक गायक गाडीतच गोळ्यांना बळी पडला. सिद्धू मूसेवाला, वय २८. कारणं वेगळी, माणसं वेगळी, गाणी तर फारच वेगळी. पण पंजाबी पोरं या दोघांची नावं एका दमात घेतात.

हा सिनेमा बघून भूक वाढली तर कबीरसिंग चौधरीचा ‘मेहसमपूर’ (२०१८) कुठे मिळतो का शोधा. त्यात मुंबईचा एक दिग्दर्शक चमकीलावर सिनेमा करायचा म्हणून कॅमेरा घेऊन पंजाबात जातो आणि त्याच्या खऱ्याखुऱ्या जुन्या साथीदारांना गाठतो. त्यांत ढोलकीवादक लाल चंद आहे, त्या दिवशीच्या गोळीबारातून वाचलेला. म्हातारा झालेला हा माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो आणि दिग्दर्शक त्याला पुन्हा पुन्हा त्याच दुपारकडे ढकलत राहतो.