फिल्टर धुतला, पण नीट बसला का?

मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर चारपाच गाड्या एकामागोमाग निघाल्या की पुढच्याच्या चाकाने उडवलेला फुफाटा मागच्यांच्या वाट्याला येतो. आपण नाकातोंडावर रुमाल बांधतो. इंजिनाला मात्र श्वास आवरता येत नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला 14.7 भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे साधारण 9,000 लिटर हवा, तीही त्याच फुफाट्यातून ओढलेली.

त्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कठीण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो. त्यात हे कण शिरले की पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन उतरतं, गाडी ऑइल खाते आणि निळसर धूर सोडू लागते.

तुंबलेला फिल्टर निदान कुरकुर तरी करतो. गाडी ओढत नाही, कार्ब्युरेटरवाली असेल तर प्लग काळा पडतो. कडेने गळणारा फिल्टर मात्र चकार शब्द काढत नाही. उलट हवा मोकळी मिळते म्हणून गाडी मजेत पळते, आणि कळेपर्यंत खर्च दारात आलेला असतो. म्हणून धुण्याइतकीच, किंबहुना जास्तच काळजी बसवताना घ्यायची.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. रस्त्यावर आणि कच्च्यावर दोन्हीकडे चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो. कोरडा कागद असेल तर हळूच आपटून किंवा आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून थोडे दिवस निभतात. तेल लावलेला कागद असेल तर तेही नको, सरळ नवा टाकावा. मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोच्या गाड्यांत फोम असतो. पुढचं सगळं त्याबद्दल.

फोमची छिद्रं धुळीच्या कणांच्या मानाने बरीच मोठी असतात. अडवण्याचं खरं काम करतं ते चिकट तेल: हवा फोमच्या वाकड्यातिकड्या वाटांतून वळणं घेत जाते, कण वळू शकत नाहीत आणि भिंतीला चिकटतात. म्हणजे कोरडा फोम जवळपास निकामी. नवा फिल्टरही बहुधा कोरडाच येतो. पाकिटातून काढला आणि बसवला, असं करू नका. इंजिन ऑइलही चालत नाही. ते उभ्या गाडीत खाली ओघळतं आणि वरचा भाग उघडा पडतो. फोम फिल्टरसाठीचं वेगळं ऑइल मिळतं, तेच वापरावं.

सीट किंवा बाजूचं कव्हर काढण्याआधी आजूबाजूची माती पुसून घ्या, नाहीतर ती एअरबॉक्समध्येच पडते. फिल्टर अलगद बाहेर काढा. लगेच धुवायला पळू नका. फिल्टरमागे इंजिनाकडे जाणारा रबरी बूट असतो, त्यात टॉर्च मारा, आतून बोट फिरवा. ही जागा स्वच्छच असायला हवी. मग बुटात एक स्वच्छ फडकं कोंबा आणि एअरबॉक्स पुसून काढा. फडकं मोठं आणि भडक रंगाचं घ्या, म्हणजे आत विसरणार नाही. हसू नका, विसरणारे मी पाहिलेत.

फोम आतल्या आधाराच्या पिंजऱ्यावरून उतरवून फिल्टर क्लीनरमध्ये धुवा. पूर्वी सर्रास रॉकेल वापरायचे, हल्ली ते सहज मिळत नाही. पेट्रोल मात्र नको: आगीची भीती आहेच, शिवाय फोमचे सांधे चिकटवलेला गोंद त्याने सुटतो. दाबून दाबून मळ काढायचा. धुतलेल्या चादरीसारखा पीळ दिलात तर फोम फाटतो. मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून तेलकटपणा काढा, खळखळून धुवा आणि सावलीत सुकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पूर्ण सुकू द्या, ओल्या फोमवर तेल धरत नाही.

सुकला की उजेडासमोर धरून बघा. सांधा उसवलाय, चिमटीत घेतल्यावर चुरा पडतोय, कड कडक झालीय, यातलं काहीही दिसलं तर तो फेकायचा.

आता हातमोजे घाला, कारण हे तेल नखांत दोन दिवस राहतं. सगळीकडे तेल टाकून कणीक तिंबावी तसा फोम मळायचा. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. फिका पट्टा म्हणजे कोरडी जागा. जास्तीचं तेल दाबून काढा आणि थोडा वेळ ठेवून द्या, म्हणजे त्यातला पातळ द्राव उडून चिकटपणा उरतो.

मग बसवणं. फिल्टरची जी कड एअरबॉक्सला टेकते तिच्यावर पाण्याने न निघणाऱ्या ग्रीसचा पातळ थर फिरवा. बुटातलं फडकं काढा. पिंजऱ्याची खूण किंवा खुंटी तिच्या भोकात बसली का पाहा, बोल्ट बेताने आवळा आणि मग सगळ्या कडेवरून बोट फिरवा, विशेषतः खालच्या बाजूने. माझी एकदा खालचीच कड दुमडली होती. वरून फिल्टर झकास दिसत होता. त्या मोसमाअखेर सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बदलावे लागले, आणि दोष माझ्याशिवाय कुणाचाच नव्हता.

किती दिवसांनी धुवायचा? कोरड्या दिवसांत घोळक्याने धुळीत फिरलात तर दर राइडनंतर. पावसाळ्यानंतर माती ओलसर असते तेव्हा दोनतीन राइड निभतात. तेल लावलेले एकदोन फिल्टर झिपच्या पिशवीत तयार ठेवले की रविवारी रात्री धुण्याचा कंटाळा आड येत नाही.

आणि बुटात फिरवलेलं बोट मळून आलं, तर तेवढ्यावर गाडी सुरू करू नका. गळती कुठे आहे ते आधी शोधा.