पिकअप बदलण्याआधी : बेस गिटार, नागपूरची हवा आणि अर्थिंग

बेस गिटारवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, कोणता पिकअप टाकू?’ आवाज बारीक झाला, तारा खरखरायला लागल्या, स्टेजवर घूं-घूं येते आहे. सगळ्याचा आळ पिकअपवर. माझं म्हणणं असं, की बेसमध्ये सगळ्यात कमी बिघडणारी वस्तू कोणती असेल तर ती पिकअप. म्हणून आज आपण संशयितांची रांग जरा बदलू.

पिकअपमध्ये असतं काय? चुंबकाचे छोटे दांडे, आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या तारेची जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर. वरची तार लोखंड-निकेलची असते. ती चुंबकाजवळ थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेली गोष्ट, तीच ही. बेसवर नायलॉनच्या तारा लावल्या तर चुंबकाच्या पिकअपमधून काहीही ऐकू येणार नाही, ते याचमुळे. यात हलणारा भाग एकही नाही. घामाने किंवा ओलाव्याने आतली तार गंजून तुटली तर पिकअप मरतो, पण मग मीटरवर सरळ ‘ओपन’ दिसतं. त्यात शंकेला जागा राहत नाही.

मीटरचा विषय निघालाच आहे तर एक नागपुरी गंमत सांगतो. समजा २० अंशांवर तुमच्या पिकअपचा रेझिस्टन्स साडेसात किलोओहम आहे. आता तोच पिकअप मे महिन्यात, खोलीत ४२ अंश असताना मोजा. मीटर ८.१ किलोओहम दाखवेल. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणून. पिकअप तोच, फक्त उन्हाळा आला. परदेशी वेबसाइटवरचा आकडा बघून ‘मला डुप्लिकेट माल दिला’ म्हणत दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी थर्मामीटर बघत जा, बाप्पा.

आता खरा संशयित : लाकूड. चार तारा मिळून नेकवर साधारण सत्तर-ऐंशी किलोचा ताण देतात. त्याला तोंड द्यायला नेकच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. नेकला किंचित पुढे बाक हवा. तारांनी खेचली तर बाक वाढतो, रॉड आवळला तर कमी होतो. या दोघांच्या भांडणात तिसरी येते आपली हवा. मे महिन्यात नागपुरात दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. लाकूड पाणी पितं आणि सोडतं. कोरड्या हवेत बहुतेक वेळा नेक सरळ होते, तारा खाली बसतात आणि फ्रेटवर खरखरतात. फ्रेटबोर्ड आकसतो, पण फ्रेटची पट्टी धातूची, ती आकसत नाही. मग तिची टोकं हाताला बोचायला लागतात. पावसाळ्यात उलटं : बाक वाढतो, तारा उंच होतात, बोटं दुखतात.

आणि आपल्याकडे उन्हाळा तरी एकच कुठे असतो! घरात कूलर चालू असतो. कूलरसमोरच्या खोलीत दमट हवा, बाहेर भट्टी. बेस रात्रभर कूलरच्या झोतात स्टँडवर उभी, आणि संध्याकाळी लग्नाच्या लॉनवर कोरड्या लूमध्ये. एका दिवसात तिने दोन ऋतू बघितले. म्हणून कूलरच्या खोलीत बेस केसमध्ये, झाकण लावून ठेवा. बंद गाडीत तर अजिबात सोडू नका.

बाक मोजायला महागडं काही लागत नाही. बेस वाजवायच्या स्थितीत धरा, आडवी टेबलावर नको. सुरात तार असताना पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर ती दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे ते बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास, तर ठीक. फट जास्त असेल तर रॉड आवळायचा, नसेलच तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावा, थोडा वेळ द्या, पुन्हा मोजा. नट जाम वाटली तर जोर लावू नका, कारागिराकडे जा. रॉड तुटला तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च साध्या बेसच्या किमतीला भिडतो.

नेक झाली की पिकअपची उंची बघा. दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, तरी अनेकांनी ते वर्षानुवर्षं हलवलेले नसतात. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली अडीच-तीन मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास, इथून सुरुवात करा आणि पुढे कानाने ठरवा. फार जवळ नेलंत तर चुंबक तारेलाच ओढतो, सूर डगमगतो आणि आवाज लवकर विझतो. ‘नवा पिकअप हवा’ म्हणणाऱ्यांचं निम्मं काम या दोन स्क्रूंवर होतं, असं माझं मत आहे.

आता घूं-घूं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तिच्या गुंजनात १०० हर्ट्झही असतो. बेसची मोकळी जी तार ९८ हर्ट्झवर बोलते. म्हणजे घूं तुमच्या सुराच्या अगदी शेजारी येऊन बसते आणि सूर हलल्यासारखा वाटतो. फेंडरच्या प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आला. दोन्ही गुंडाळ्यांचे वेढे उलट आणि चुंबकही उलट, त्यामुळे बाहेरची घूं एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र टिकतो. १९६० च्या जॅझ बेसवर दोन वेगळे पिकअप आहेत. आजच्या बहुतेक जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तरच ही युक्ती चालते. एक कमी केला की घूं परत. तो बिघाड नव्हे, ती रचनाच तशी आहे.

घूं कुठून येते ते ओळखायचं कसं? बेस गळ्यात घेऊन जागेवर हळूहळू वळा. वळताना घूं कमी-जास्त झाली तर कूलरची मोटर, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर यांचं चुंबकीय क्षेत्र थेट गुंडाळीत शिरतंय. आत तांब्याची पट्टी चिकटवून ते थांबत नाही; त्यांच्यापासून दूर सरकणं हा उपाय. वळून फरक नाही, पण तारांना हात लावला की घूं कमी होते, असं असेल तर तिथे तांब्याच्या पट्टीचं शिल्डिंग उपयोगी पडतं. आणि हात लावल्यावर घूं वाढत असेल तर ब्रिजखालची ग्राउंडची तार किंवा जागेचं अर्थिंग तपासा.

इथे मला जरा थांबायचं आहे. तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे त्या अँप्लिफायरच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि अँपच्या बॉडीत करंट उतरला, तर तो थेट तुमच्या बोटांत येतो. समोर माइक मिक्सरमधून दुसऱ्याच बोर्डावर अर्थ झालेला. ओठ माइकला लागले की सर्किट पूर्ण. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्झी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. आपल्याकडे तर गणपतीसमोर आपण चपला काढून उभे राहतो, आणि खाली भाद्रपदातली ओली जमीन असते. तीन पिनच्या प्लगची मोठी पिन मोडून तो दोन पिनच्या बोर्डात खुपसलेला मी अनेक मांडवांत पाहिला आहे. तसं दिसलं तर वाजवू नका. अँप आणि मिक्सर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या, मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायला सांगा. आणि गाण्याआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. चार-पाच व्होल्टहून जास्त दिसलं तर आधी वायरिंग, मग गाणं. आयोजक ओरडला तर ओरडू द्या.

बाकीचं पटकन. नॉब खरखरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. रॉकेल नको, शिलाई मशीनचं तेलही नको. ॲक्टिव्ह बेस असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा. बहुतेक बेसमध्ये बॅटरी त्या जॅकनेच चालू-बंद होते, आणि उन्हाळ्यात जुनी बॅटरी आत पाझरली तर सर्किट खाते. जॅकची नट सैल दिसली तर आज आवळा. ती फिरत राहिली की आतली तार पिळून तुटते.

प्रश्न घेऊ. मागून कोणीतरी विचारलं, की मेलेला पिकअप आपल्या इथल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून भरून घेता येईल का. येईल, पण अटी आहेत. तो पंख्याला, कूलरला वापरतो ती तार कितीतरी जाड असते. तिने गुंडाळी भरली तर वेढे फार कमी बसतील आणि आवाज कुजबुजेल. बारीक तार तुम्ही स्वतः आणून द्या, अमेरिकन मापाने ४२ गेज. वेढे मोजणारं यंत्र त्याच्याकडे असतंच. ताण मात्र अगदी हलका ठेवायला सांगा, ही तार बोटाच्या झटक्याने तुटते. आणि जुनी तार उलगडण्याआधी ती कोणत्या दिशेने गुंडाळली आहे त्याचा फोटो काढून ठेवा. दिशा चुकली तर दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ येईल. तसं झालंच तर पुन्हा उलगडायची गरज नाही, त्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा. आवाज परत भरेल. आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना घूंही पुन्हा मारली जाईल.