कंबरदुखीची गोळी आणि पूर्णाकाठची मूत्रपिंडं

दिवाळीच्या आगेमागे बुलढाणा जिल्ह्यात शेतीची दोन कामं एकमेकांच्या अंगावर येतात. सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली असते आणि कपाशीची वेचणी सुरू झालेली असते. दोन्ही कामं वाकून करायची. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून पऱ्हाटीतून पाठ वर काढायला सवड नाही. रात्री कंबर धरते, खांदे भरून येतात आणि सकाळी पुन्हा जायचंच असतं. मग मेडिकलवर ‘अंगदुखीची गोळी द्या’ एवढं म्हणणं पुरतं. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. दवाखान्यात गेलं तर ‘डाक्टर, एक सुई मारून द्या’ हा आग्रह असतोच.

त्या गोळीत बहुधा डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असतं, जोडीला पॅरासिटामॉल, आणि काही पट्ट्यांत सेराशिओपेप्टिडेज. या शेवटच्या औषधाचा उपयोग सिद्ध होत नाही म्हणून मूळ जपानी कंपनीने ते २०११ साली स्वतःहून बाजारातून मागे घेतलं. आपल्याकडे मात्र ते सूज उतरवणारं म्हणून खपतं आहे. डायक्लोफेनॅकचं तसं नाही. ते खरोखर काम करतं, आणि अडचणही तिथूनच सुरू होते.

स्नायू ताणला, सांधा सुजला की दुखावलेल्या पेशींच्या वेष्टनातून एक स्निग्धाम्ल मोकळं होतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंची टोकं ती हळवी करून सोडतात. एरवी ज्या वाकण्याकडे लक्षही जाणार नाही, त्याच वाकण्याने मग जीव कळवळतो. ॲस्पिरिन १८९९ पासून विकलं जात होतं, पण ते दुखणं कसं थांबवतं हे त्यानंतर सत्तर वर्षं कोणालाच सांगता येत नव्हतं. १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवलं, की ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊच देत नाही. त्याबद्दल १९८२ चं नोबेल वेन यांना सुने बर्गस्ट्रोम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. आयबुप्रोफेन काय, डायक्लोफेनॅक काय, सगळी याच कुळातली.

शरीर मात्र प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखण्यासाठी बनवत नाही. जठराचं अस्तर त्यानेच सांभाळलं जातं, आणि मूत्रपिंडाची अडचणीच्या वेळची भिस्तही त्याच्यावर असते. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की शरीर सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्या वेळी मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक नलिका उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. कालव्याला पाणी कमी असताना आपल्या चारीचं दार कोणीतरी धरून ठेवावं तसं. गोळी घेतली की तो हातच सुटतो.

धडधाकट माणसाने भरपूर पाणी पिऊन दोन-तीन दिवस गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण ऑक्टोबरच्या उन्हात, बाटलीभर पाण्यावर दिवस काढणाऱ्या, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाईचं गणित वेगळं असतं. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, त्यात डायक्लोफेनॅकची भर पडली, तर मूत्रपिंड एकदम बंद पडण्याचा धोका बराच वाढतो. हे त्रिकूट डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात आहे. मेडिकलच्या गल्ल्यावर त्याबद्दल कोण विचारतो?

आणि जिल्हा बुलढाणा आहे, म्हणून हे जास्त लागतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती आणि अकोल्यातून इकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत उतरतो. इथलं भूजल खारट आहे. या पट्ट्यातल्या गावांत मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा कितीतरी वर्षं चालू आहे, आणि बोट दरवेळी पाण्याकडे जातं. पाणी वाईट आहे यात वाद नाही. गोड पाणी मागणं हा या गावांचा हक्कच आहे. पण खारट पाणी माणूस मुळात कमी पितो, उन्हात राबतो, आणि अंग दुखलं की गोळी खातो, या तीन गोष्टी एकाच शरीरात घडतात. सगळं खापर गोळीवर फोडायला आधार नाही. तिला चौकशीतून वगळायलाही नाही. मध्य अमेरिकेत उसाच्या फडातल्या तरुण मजुरांना होणाऱ्या मूत्रपिंडविकारातही ऊन आणि पाण्याची कमतरता यांच्याबरोबर वेदनाशामकांकडे संशयाने पाहिलं जातं.

राबणारं गाव आणि गोळी यांची गोष्ट याआधी स्वीडनमध्ये घडून गेली आहे. हुस्कवार्ना या शस्त्रकारखान्याच्या गावात १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर तिथल्या डॉक्टर योर्टन यांची पूड लोकप्रिय झाली. तीत फेनॅसिटिन, फेनाझोन आणि कॅफीन होतं. ताप गेला, साथ गेली, पूड राहिली. काम झपाट्याने होतं म्हणून कामगार ती रोज घेऊ लागले. पुढे त्या गावात मूत्रपिंड निकामी होऊन मरणाऱ्यांचं प्रमाण डोळ्यांवर येऊ लागलं, आणि कुर्ट ग्रिमलुंड यांनी १९६३ मध्ये त्याचा अभ्यास छापला. त्याच्या दहा वर्षं आधी स्वित्झर्लंडमध्ये श्पूलर आणि झोलिंगर यांनी डोकेदुखीच्या गोळ्या आणि मूत्रपिंडाची सूज यांचा संबंध मांडला होता. त्या पुडीतल्या फेनॅसिटिनवर भारतात १९८३ मध्ये बंदी आली. ते डायक्लोफेनॅकपेक्षा वेगळं औषध, त्याने होणारी इजाही वेगळी. सवय मात्र हुबेहूब हीच.

डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडाचं काय होऊ शकतं याचा सर्वांत भयंकर दाखला माणसाचा नाही, गिधाडांचा आहे. लंगडणाऱ्या बैलाला, आजारी गाईला हे इंजेक्शन दिलं जाई. जनावर दगावलं की त्याचं मांस खाणारी गिधाडं काही दिवसांत मरत. त्यांची मूत्रपिंडं बंद पडून आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला सापडे. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये कारण सिद्ध केलं, तोपर्यंत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचू लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. गिधाडांना चालणारं मेलॉक्सिकॅम उपलब्ध होतंच. बदल करणं अशक्य नव्हतं, एवढं यातून दिसतं.

दुखणं थांबावं आणि बाकी शरीर वाचावं, असं औषध शोधण्याची धडपड जुनी आहे. प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराचे दोन प्रकार आहेत, त्यातला फक्त सुजेच्या जागचा अडवावा, या विचारातून रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये आलं. पोट वाचलं, पण हृदयविकाराचे झटके वाढले, आणि सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. शिवाय तो ‘सुजेच्या जागचा’ विकर मूत्रपिंडात एरवीही कामावर असतो. म्हणजे मूत्रपिंडाला या नव्या पिढीचाही आधार नव्हता.

अलीकडचा रस्ता अगदी निराळा आहे, आणि तो लाहोरकडून आला. तिथला एक मुलगा निखाऱ्यांवर चालून, दंडात सुरे खुपसून रस्त्यावर खेळ करी. त्याला वेदनाच होत नसे. चौदा वर्षांचा होण्याआधी छतावरून उडी मारून तो मरण पावला. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांवरून २००६ मध्ये कळलं, की वेदनेच्या मज्जातंतूंतलं सोडियमचं एक दार, नाव एनएव्ही १.७, त्यांच्यात निकामी होतं. त्या दाराच्याच भावंडाला, एनएव्ही १.८ ला, अडवणारं सुझेट्रिजिन ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मंजूर झालं. ते अफूच्या कुळातलं नाही, प्रोस्टाग्लँडिनशीही त्याचा संबंध नाही. मात्र ती परवानगी फक्त तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी होती आणि बाजारात येताना एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती. वेचणीच्या बाईसाठी हे संशोधन अजून फार लांब आहे.

तोवर हाताशी आहे ते नीट वापरायचं. दुखणं सोसत बसा असं कोणी म्हणू नये. मजुराला तो उपदेश करणं निर्दयपणाचं आहे. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं मलम लावलं तर गोळीच्या तुलनेत फार थोडं औषध रक्तात जातं. साध्या अंगदुखीला आधी पॅरासिटामॉल, दिवसभरात ४ ग्रॅमच्या आत, आणि दारू पिणाऱ्याने त्याहून बरंच कमी. उन्हात राबलेल्या, पाणी कमी पडलेल्या, जुलाब होणाऱ्या माणसाला डायक्लोफेनॅकची सुई नको. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी आणि वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांनी मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. ही साधी तपासणी खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा, मागितल्याशिवाय, व्हायला हवी.

आणि मेडिकलवाल्याला सांगा, कात्री चालवताना गोळीचं नाव कापू नको. दवाखान्यात जाल तेव्हा ती पट्टी सोबत न्या.