सिस्टर, कोणता दवाखाना निवडाल?

वर्षावासाच्या दिवसांत वऱ्हाडातील कोणत्याही बुद्धविहारात जाऊन बसा. ग्रंथवाचन ऐकायला आलेल्या भगिनींमध्ये एखादी तरी सिस्टर असतेच. रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांवर झोप असलेली, तरीही पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेली. दुसऱ्याचे मलमूत्र हाताळणे हा विटाळ आहे असे मानून ज्या घरांनी या पेशाकडे पाठ फिरवली, त्याच पेशात आपल्या मुली ख्रिस्ती भगिनींच्या बरोबरीने शिरल्या आणि मानाने उभ्या राहिल्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होई, त्यांच्याच हातून आज सर्वांना औषध घ्यावे लागते. ही क्रांती लहान नाही.

नुकतीच पास झालेली मुलगी मिळेल ती नोकरी धरते. दहा-पंधरा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरचे तसे नसते. तिच्यापुढे निवड असते. अमरावतीत इर्विन आहे, डफरीन आहे, शिवाजी शिक्षण संस्थेचे पीडीएमसी आहे, गल्लोगल्ली खाजगी दवाखाने आहेत. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि कधीतरी जाहिरातीत नाव येते : उपजिल्हा रुग्णालय, धारणी. नाव वाचताच घरातले म्हणतात, "मेळघाटात? ते तर काळं पाणी हाये!"

खरेच काळे पाणी आहे काय? शांतपणे विचार करू.

आधी पगाराचा हिशेब

सेवाभाव मोठा खरा, पण किराणा सेवाभावाने येत नाही. म्हणून प्रथम पैशाचे बोलू. राज्य शासनाच्या नियमित अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता वेगळा. आदिवासी भागात नियमित नेमणूक असेल तर ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्या भागात असेपर्यंत एकस्तर वरची श्रेणी मिळते. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके त्यात येतात. ही गोष्ट अनेक भगिनींना माहीतच नसते.

कंत्राटी जागेचे तसे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत स्टाफ नर्ससाठी वीस हजारांच्या आसपास एकत्रित मानधन दिसत आले आहे. काम तेच, रात्रपाळी तीच, जबाबदारी तीच, आणि दरवर्षी करार संपण्याची धास्ती. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. पण त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. तेव्हा "आता कंत्राटी घ्या, पुढे कायम होईल" या तोंडी आश्वासनावर चालता नोकरी सोडू नये.

खाजगी दवाखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली केंद्र शासनाला समिती नेमायला सांगितले. त्या समितीची शिफारस अशी : ५० खाटांपेक्षा लहान दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० खाटांवरील दवाखान्यात तो शासकीय पगाराइतका असावा. ही शिफारस किती ठिकाणी पाळली जाते, हे आपल्या भगिनींच्या पगाराच्या पाकिटावरूनच कळते. तरी आकडा लक्षात ठेवावा. मालकाशी बोलताना तो उपयोगी पडतो.

आणखी एक. राज्य सेवेत मागासवर्गीयांसाठी वयोमर्यादा ४३ पर्यंत आहे. म्हणजे चाळिशी गाठलेल्या सिस्टरची वेळ गेलेली नाही. पण जातप्रमाणपत्राची पडताळणी झालेली नसते, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण राहून गेलेले असते, आणि जाहिरात निघाल्यावर धावाधाव होते. ही दोन कागदपत्रे आजच पेटीतून काढून तपासा. अनुभवाचा दाखलाही दवाखाना सोडण्याआधीच हातात घ्या, सोडल्यावर मागितला तर चकरा माराव्या लागतात.

वॉर्डात डोकावून पाहा

पगाराइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण? भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि शिक्षण रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. तीस-चाळीस रुग्ण एकटीवर टाकणारा दवाखाना चकचकीत फरशीचा असला तरी धोक्याचा. तिथे चूक झाली तर डॉक्टर सुटतो, मालक सुटतो, आणि ठपका सिस्टरवर येतो.

म्हणून होकार देण्याआधी तिथल्या सिस्टरांनाच भेटा. सुटी वेळेवर मिळते का? नेमणूकपत्र हाती देतात का? भविष्यनिर्वाह निधी कापतात, तो भरतात का? बाळंतपणाची रजा मिळते का? २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची जोरदार बाजू घेतली होती. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. तो हक्क मागताना आपण मालकाकडे भीक मागत नाही, हे ध्यानी ठेवा.

धारणीत अनुभवाला किंमत का?

आता धारणीकडे येऊ. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट ओलांडत सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर धारणीला अमरावतीपेक्षा जवळ पडते. १९९३ साली याच मेळघाटातील कुपोषणाने झालेले बालमृत्यू देशभर गाजले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये शासनाने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू केली. त्यानंतर पुष्कळ काम झाले, पण प्रश्न संपलेला नाही.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर सिस्टर डॉक्टरला हाक मारते. धारणीच्या वाटेवरील आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता हाक मारायला कदाचित कोणीच नसते. पोट चोळून गर्भाशय आकुंचन पावते का पाहणे, इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, गाडी बोलावणे आणि गाडीत सोबत बसणे, हे सारे तिचेच काम. दीड किलोच्या बाळाला आईच्या छातीशी बांधून ऊब द्यायची, की लगेच पुढे पाठवायचे, हेही तिलाच ओळखावे लागते. शहरात पंधरा वर्षांचा अनुभव सोयीचा असतो, मेळघाटात त्यावर जीव तगतो.

त्या भागात पाय रोवून राहिलेली माणसेही आहेत. बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे या दाम्पत्याने आयुष्य काढले, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टचे महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे. गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेण्याचे काम त्यांनी उभे केले. शासकीय जागा नसली तरी अशा संस्थांत अनुभवी हात लागतातच. मात्र संस्था चांगली आहे म्हणून पगार विचारायचाच नाही, असे करू नका.

कोरकू माय आपली कोण?

इथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. कोरकू माय दवाखान्यात यायला बिचकते. तिची भाषा वेगळी, लुगडे मळलेले, सोबत भुमकाने दिलेला गंडा. बाळाचे पोट फुगले म्हणून कोणी तापल्या सळईने डागलेले असते, त्याला तिकडे डंबा म्हणतात. हे पाहून काही कर्मचारी तिच्यावर खेकसतात. असे खेकसणाऱ्यांत आपली माणसे नसतील, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? ज्या तिरस्काराने आपल्या आजीला दवाखान्याच्या पायरीवर बसवले, तोच तिरस्कार आपल्या तोंडून निघाला तर बाबासाहेबांच्या फोटोला हार घालण्यात अर्थ उरत नाही. डंबा चूकच आहे. पण आईला समजावून सांगणारी सिस्टर भेटली तरच ती पुढच्या बाळाला घेऊन येईल.

शिवाय आपले आणि त्यांचे दुखणेही एक आहे. सिकलसेलचा आजार विदर्भातील आदिवासींत आढळतो, तसा आपल्या समाजातही आढळतो. सांधे दुखून रडणारे लेकरू आपण घरी पाहिलेले असेल, तर कोरकू लेकराचे रडणे वेगळे वाटणार नाही.

घरच्यांनी काय करावे?

बदलीचा किंवा नव्या नोकरीचा निर्णय एकट्या सिस्टरचा नसतो. मुलांची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी, धन्याची मजुरी, सारे त्यात येते. नवऱ्याची बदली झाली की बायको सामान बांधते. बायकोला चांगली जागा मिळाली तर नवऱ्याने मुलांचा डबा भरायला का लाजावे? मुले दहावी-बारावीला असतील तर दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे. मुले लहान असतील आणि राहायला क्वार्टर मिळत असेल तर सहकुटुंब जाता येते. क्वार्टर नुसते कागदावर आहे की खरेच राहण्याजोगे, हे मात्र एकदा जाऊन डोळ्यांनी पाहावे.

धम्म काय सांगतो?

विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे भिक्खूंना समजावले. तिथेच चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस नसावी, आणि दोन धीराचे शब्द बोलता यावेत. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या, त्यांच्यात हे गुण होते.

लोभ नको म्हणजे पगार नको, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. लोभ वेगळा आणि मोल वेगळे. आपल्या पूर्वजांकडून शतकानुशतके फुकट राबवून घेतले गेले, त्या राबण्यालाही धर्म आणि सेवा अशीच नावे होती. म्हणून नियमित जागा असेल, पगार व क्वार्टर ठरलेले असेल, घरचे पाठीशी असतील, तर धारणीचे नाव वाचून मागे फिरू नका. अटी कच्च्या असतील तर इर्विन असो की धारणी, ठामपणे नकार द्या. आणि ज्या दवाखान्यात जाल, तिथे दारात बिचकत उभ्या असलेल्या बाईला आधी आत बोलवा.

जयभीम!