जनरेटर पडून राहून बिघडतो

१ जून उजाडला की कफ परेडच्या मच्छीमार नगरात यांत्रिक नौकांची मासेमारी थांबते. ३१ जुलैपर्यंत बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि आतलं डिझेल इंजिन दोन महिने मुकं होतं. बंदी उठल्यावर ते सुरू होईल की नाही, हे मात्र ते बंद करताना काय काळजी घेतली यावर ठरतं. दर्यावर पोट असलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

जनरेटर बाळगणाऱ्यांना मात्र हे सांगायलाच हवं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन तर मुंबईत त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत आहेत. अशा गाडीतला किंवा दुकानामागे ठेवलेला छोटा जनरेटर वर्षातून मोजके दिवस चालतो आणि बाकी काळ आच्छादनाखाली असतो. त्याचे बरेचसे आजार या आच्छादनाखालीच सुरू होतात.

पहिला शत्रू मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे क्षारकण यंत्रावर बसतात. हवा कोरडी असेल तर ते निरुपद्रवी राहतात. पण सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्री क्षारात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे पावसाचा थेंब न पडताही मुंबईच्या किनाऱ्यावर यंत्रावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यातून वीज वाहते, म्हणून गंज वेगाने चढतो. हाच थर तांब्याच्या वेटोळ्यांवरच्या वॉर्निशच्या बारीक भेगांत शिरला की वीज गळू लागते. बऱ्याच दिवसांनी जनरेटर काढल्यावर इलेक्ट्रिशियनकडून मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन तपासून घ्यावं ते यासाठी. एका मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर वेटोळी कोरडी केल्याशिवाय यंत्र चालवू नये. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळणं हा उपाय नव्हे, त्याने दमट हवा आत कोंडते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरून पुसून, सुकवून, वारा खेळेल असं झाकावं.

दुसरा शत्रू टाकीत असतो. पेट्रोल नुसतं ठेवलं तरी त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचं ऑक्सिडीकरण होऊन चिकट राळ तयार होते. कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. ते बुजायला एवढी राळ पुरते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पहिला घोट मिळतो तो याच तळाचा. म्हणून काम संपल्यावर इंधनाची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. दीर्घकाळ ठेवायचा असेल तर टाकीही रिकामी करावी. डिझेलचं उलट आहे: टाकी भरलेली बरी. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं, आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून फिल्टर तुंबवतात.

कधी इंजिन व्यवस्थित गुरगुरतं आणि दिवा मात्र लागत नाही. पुष्कळ जनरेटरांत वीज निर्माण व्हायला रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असावं लागतं. फार काळ पडून राहिल्यावर ते क्षीण होतं. जाणकार मेकॅनिक बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते परत आणतो. घरी हा प्रयोग करू नये.

या सगळ्यावरचा मला सर्वांत पटलेला उपाय साधा आहे: महिन्यातून एकदा अर्धा तास, भार देऊन जनरेटर चालवावा. भार देऊन यावर जोर आहे. नुसतं रिकामं चालवलं तर इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेली ओल उडत नाही. डिझेल इंजिनात तर अर्धवट जळलेलं इंधन धुराड्यात काजळीसकट साचतं. क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास भार असू द्यावा. २ केव्हीए लिहिलेल्या यंत्रातून ०.८ पॉवर फॅक्टरला १६०० वॉटच मिळतात, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, हे विसरू नये. दोन ध्रुवांचं यंत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. भाराने फेरे घसरले की वारंवारताही घसरते आणि मोटारी तापतात.

चालवताना दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, धूर. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तो हवेपेक्षा किंचित हलका, म्हणजे जमिनीवर बसत नाही, खोलीभर पसरतो. बोटीच्या केबिनमध्ये, अर्ध्या शटरमागे किंवा आत माणसं झोपलेली असताना कॅरॅव्हॅनच्या खिडकीशी जनरेटर लावणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. बंद गाडीच्या मागे वाऱ्याचा भोवरा तयार होऊन धूर आत खेचला जाऊ शकतो, म्हणून धुराडं वारा वाहून जातो त्या बाजूला आणि खिडक्यांपासून दूर हवं.

दुसरी, चेंजओव्हर स्विच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड कोलमडून मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. अशा वेळी जनरेटरची वायर थेट घराच्या सॉकेटमध्ये खुपसली तर २३० व्होल्ट मीटरमधून उलटे बाहेर जातात, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर त्यांना ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकतो, आणि वाहिनी मृत समजून तिच्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात ते येतात. चेंजओव्हर स्विच जनरेटर आणि बाहेरची वाहिनी या दोन्ही बाजू कधीच एकत्र जोडू देत नाही. जनरेटर घेताना त्याच दिवशी तो बसवून घ्यावा.