पट्टे, ठिपके आणि एक फॉरवर्ड

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आतच एका मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. वय बारा-तेरा. उजवा हात मनगटाच्या वर वाकडा झालेला, गुडघे सोललेले, चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा भीती जास्त. एक्स-रेत हाताची दोन्ही हाडं मोडलेली दिसली. कसा पडलास म्हणून विचारलं तर तो गप्प. उत्तर बापानं दिलं, "वाघ बघायला गेलते सायेब समदे. मोबाईलवर फोटू आलता ना. कुणीतरी वरडलं आन् पळापळ झाली. हे पोरगं बांधावरून दगडात पडलं."

तो फोटो मला माहीत होता. आदल्या रात्री माझ्याही मोबाईलवर आला होता. संध्याकाळच्या उजेडात दगडी बांधावर बसलेला बिबट्या आणि खाली एक ओळ : सुलीभंजनच्या वाटेवर दिसला, सावध राहा. लोकांच्या भल्यासाठी म्हणून मी तो आणखी तीन ग्रुपवर पाठवला होता. त्यातल्या एका ग्रुपवर या मुलाचा चुलता होता. हाताला आधाराची फळी बांधताना मी हे कोणाला सांगितलं नाही.

जनावर नव्या ठिकाणी आलं, याचा पहिला पुरावा हल्ली बहुतेक वेळा फोटोच असतो. पूर्वी पाऊलखुणा असत, गुराख्याची साक्ष असे, मारलेलं वासरू असे. आमच्या भागापुरतं सांगायचं तर असा सगळ्यात मोठा फोटो मार्च २०२१ मध्ये निघाला. खुलताबादहून वेरूळवरून कन्नडकडे गेलं, की पुढे चाळीसगावच्या घाटाला लागून गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं, कोरड्या पानगळीचं जंगल. बिबटे आहेत, अस्वलं आहेत. वाघ मात्र १९४० नंतर नोंदला गेला नव्हता. त्या मार्चमध्ये तिथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात एक तरुण नर वाघ चालत गेलेला दिसला.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला पट्ट्यानं बांधलेली एक डबी. फोटो काढायला माणूस नसतो, डबीतला सेन्सर असतो. हा सेन्सर नुसती हालचाल पाहत नाही. समोरून जाणाऱ्या अंगाची उष्णता आणि मागच्या परिसराची उष्णता यांत अचानक फरक पडला, की तो कॅमेऱ्याला चालू करतो. म्हणून थंडीच्या रात्री तो फार हुशार असतो, आणि मे महिन्याच्या दुपारी खडक अंगाइतके तापले की चक्क फसतो. समोरून अख्खं जनावर निघून जातं तरी याला पत्ता नसतो. तापमापक काखेत धरून उन्हात बसलेल्या रुग्णाचा ताप मोजायला गेलो तर आमचंही असंच होतं.

गौताळ्यातला वाघ कुठून आला, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन वाघांचे सारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते. म्हणून मोजणीच्या वेळी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, नाहीतर एकाच वाघाचे दोन वाघ होतील. फोटो आला की संगणक त्या चित्राला वाघाच्या शरीराच्या त्रिमितीय आकारावर बसवतो, म्हणजे वाघ तिरका चालत असला तरी पट्टे सरळ वाचता येतात. मग जुन्या फोटोंच्या साठ्यातले जवळचे जुळणारे नमुने तो पुढे ठेवतो. शेवटचा निर्णय मात्र माणसाच्या डोळ्याचा. नवा एक्स-रे आणि दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे शेजारी शेजारी उजेडावर धरून आम्ही जे करतो, तेच हे काम.

साठा किती मोठा असावा? २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो मिळाले. त्यांत वाघांचे फोटो होते ७६,६५१. बाकीच्यात गुरं, सांबरं, वाऱ्यानं हललेलं गवत आणि माणसं. माणसांकडे मी पुन्हा येईन.

गौताळ्याच्या वाघाचे पट्टे जुळले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या एका वाघाशी. तिथल्या नोंदीत त्याचं नाव टी-३ सी-१, म्हणजे टी-३ या वाघिणीचा बछडा. नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर भरतं. वाघ काही पट्टीवरून चालत नाही, तो ओढ्याओढ्यानं, उसातून, तुरीच्या शेतातून, रात्री डांबरी रस्ते ओलांडत येतो. म्हणजे तो आमच्या मराठवाड्यातून, माणसांच्या उशाजवळून गेला आणि बहुतेकांना कळलंही नाही.

त्याच्या आधी त्याच अभयारण्यातला टी-१ वाघिणीचा बछडा याहून लांब फिरला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली, म्हणून त्याचा प्रवास तासातासाला कळत गेला. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले मिळून सात जिल्हे पालथे घालत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२० पर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली होती. 'वॉकर' हे त्याचं नाव त्यातूनच पडलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यात येडशी रामलिंगघाट अभयारण्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात एक वाघ आला. पट्टे पाहिले तर तोही टिपेश्वरचाच.

एकाच अंगणातली पोरं अशी दूरदेशी का जातात? टिपेश्वर आहे सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचं. दोनेक वर्षांचा झाला की नर बछडा आईपासून सुटतो. वडीलधारे नर त्याला आपल्या हद्दीत थारा देत नाहीत. मग जागा, शिकार आणि जोडीदार शोधत तो निघतो. पण यात घराबाहेर काढलेल्या पोराच्या कथेपलीकडचं एक गणितही आहे, आणि ते डॉक्टरला लगेच ओळखीचं वाटतं. जवळच्या नात्यातली लग्नं पिढ्यान् पिढ्या होत राहिली की मुलांमध्ये काय काय दिसतं, हे आमच्या ओपीडीला नवं नाही. लपलेला दोष आईकडून आणि बापाकडून असा दोन्हींकडून आला की उघड होतो. वाघांतही तसंच. ओडिशातल्या सिमिलिपालचे वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत. तिथे काही वाघांचे काळे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेत, की वाघ काळाच वाटतो. पर्यटकांना त्याचं मोठं कौतुक. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की यामागे एकाच जनुकातला एक बदल आहे, तो वाघाला दोन्हींकडून मिळालेला असतो, आणि लहान, एकाकी कळपात असा बदल पसरायला वेळ लागत नाही. रंगाचा बदल निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारे किती असतील, ही खरी काळजी. टिपेश्वरहून निघालेला प्रत्येक चालता वाघ हा त्या आजारावरचा उपाय आहे, फक्त त्याला पलीकडे पोहोचता आलं पाहिजे.

पोहोचण्यातला अडथळा कोण? रस्ते, कालवे, विजेच्या तारांची कुंपणं, हे सगळं खरंच. पण वॉकरच्या त्या सगळ्या प्रवासात माणूस जखमी झाल्याची जी एक घटना नोंदली गेली, ती कशी घडली पाहा. वाघ झुडपात विसावला होता आणि माणसांचा घोळका त्या झुडपात शिरला. त्यातल्या एकाला इजा झाली. गुरं मारण्यापलीकडे त्यानं बाकी कोणाच्या वाटेला जायचं टाळलं. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर शहरात उल्कानगरीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला तेव्हा ती चित्रफीत मिनिटांत शहरभर झाली. इमारतीच्या दाराशी चोरांसाठी लावलेला कॅमेरा त्या रात्री ट्रॅप कॅमेरा झाला, याची मला गंमत वाटते. त्यानंतर रात्री-अपरात्री रस्त्यावर उतरलेल्या उत्साही मंडळींची मात्र वाटत नाही.

वन्य प्राण्यानं चावा घेतला किंवा ओरबाडलं तर काय करायचं, तेही इथेच सांगतो, कारण अशा वेळी जखमेवर हळद, चुना, अगदी तंबाखू लावून आणलेली माणसं मी पाहिली आहेत. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात, घड्याळ लावून धुवा. वन्य प्राण्याचा चावा आम्ही सरसकट रेबीजच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा धरतो. नुसती लस पुरत नाही. तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेत आणि जखमेभोवती द्यावं लागतं, कारण लसीपासून संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात आणि विषाणू तेवढा थांबत नाही. लस त्वचेत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. जखम मोठी असली तरी टाके घालण्याची घाई करत नाहीत, त्यामुळे 'डॉक्टरनं उघडीच ठेवली' म्हणून रागावू नका.

आता कॅमेऱ्यात सापडणाऱ्या माणसांकडे. २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकानं उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसराबद्दल लिहिलं. तिथे सरपणाला, गवताला जंगलात जाणाऱ्या बायका ट्रॅप कॅमेऱ्यांच्या धाकात वावरतात. गाणी म्हणत, मोठ्यानं बोलत जाण्याची त्यांची पद्धत होती, जनावर सावध होऊन बाजूला व्हावं म्हणून. कॅमेरे आले आणि त्या गप्प झाल्या. शौचाला बसलेल्या एका बाईचा फोटो स्थानिक तरुणांनी व्हॉट्सॲपवर फिरवला, तेव्हा गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले, जाळले. वाचताना मला आमच्याच व्यवसायाची आठवण झाली. रुग्णाच्या जखमेचा फोटो सल्ल्यासाठी वरिष्ठाला पाठवणं वेगळं आणि तो चेहऱ्यासकट ग्रुपवर टाकणं वेगळं, हे शिकायला डॉक्टरांनाही वेळ लागला. अजून सगळे शिकलेले नाहीत.

पक्ष्यांच्या बाबतीत धोका कमी म्हणावा तर तसंही नाही. जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात लांब भिंगांची रांग लागते. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी बांधलेले पट्टकादंब भारतात कोणाच्या तरी फोटोत सापडतात आणि हिमालय ओलांडून आलेल्या एका पक्ष्याचा पत्ता कळतो. हे काम हौशी माणसाचं, आणि मोलाचं. पण घरट्याचा फोटो ठिकाणासकट टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे दहा माणसं. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदणीच्या ठिकाणी धोक्यातल्या प्रजातींचा नेमका पत्ता म्हणूनच आपोआप धूसर केला जातो : शास्त्रज्ञाला उपयोग व्हावा, पण वाट सापडू नये. मोबाईलमधला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांश तसेच राहू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जनावर दिसलं तर वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट'च्या १९२६ या क्रमांकाला फोन करावा. शेजाऱ्यांना सावध करायचं तर रात्री एकटं पाणी धरायला जाऊ नका, पोरांना आत घ्या, एवढं सांगावं. त्याला फोटो लागत नाही.

त्या मुलाला आम्ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, हाडं बसवावी लागली. आठवड्यानं एक वनरक्षक रक्तदाब तपासायला आला. त्याला मी तो फोटो दाखवला आणि माझा हातभारही सांगितला. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "साहेब, हा आपल्याकडचा नाहीच." सुलीभंजनच्या बाजूला त्यांनी त्या गर्दीनंतर दोन कॅमेरे लावले होते. बिबट्याच्या अंगावरची फुलंही पट्ट्यांसारखीच ज्याची त्याची असतात. आपल्या मोबाईलवरचं चित्र आणि माझ्या मोबाईलवरचं चित्र त्यानं टेबलावर शेजारी ठेवलं. खांद्यामागची तीन फुलं बघा, म्हणाला. बघितली. जुळत नव्हती. फॉरवर्ड कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातलं होतं.

पण त्याच्या मोबाईलवर बिबट्या होताच. मादी, आणि तिच्या शेपटीमागे अर्धवट वाढलेलं एक पिल्लू. खाली तारीख, पहाटेची ३ वाजून १२ मिनिटं आणि १६ अंश तापमान छापलेलं. त्या सकाळी पन्नास-साठ माणसं ज्या ओढ्याकडे धावली होती, त्यापासून ही जागा दोन शेतं अलीकडे. मी फोटो मागितला. त्यानं मोबाईल खिशात घातला आणि रक्तदाब किती निघाला ते विचारलं. वरचा १५० होता.

महिन्या-दीड महिन्यानं मुलगा बापाबरोबर प्लॅस्टर काढायला आला. हात बारीक झालेला, कातडी कोरडी, सवयीनं अजून छातीशी धरलेला. बोटं मिटून-उघडून दाखव म्हटलं, त्यानं दाखवली. बाप कागद घ्यायला खिडकीकडे गेला तसं त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर, तिथं खरंच वाघ होता का हो?"

बिबट्या आहे, मी म्हणालो.

"कुठं?"

मनगट गोल फिरव बघू, असं म्हणून मी त्याचा हात हातात घेतला.